चुकीचा होकार, चुकीचा नकार

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत रात्री अडीच वाजता टेलिफोन वाजला तर एके काळी त्याचा अर्थ एकच असे. कुणीतरी गेलं. सबंध चाळीत फोन एक, तोही पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. घंटा वाजली की तिन्ही मजल्यांवरचे दिवे लागत. आता फोन ज्याच्या त्याच्या उशाशी असतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री माझ्या भाचीचा फोन वाजला आणि जुन्या सवयीनं मी दचकून उठून बसलो. ती मात्र शांतपणे उठली, मांडीवर संगणक घेतला आणि हलक्या आवाजात कुणाला तरी म्हणाली, "मुंबई आणि हैदराबादमधली लाइन तुटली आहे. दोन्ही बाजू चालू आहेत. कोणाचं खरं मानायचं तेवढं ठरवा."

भाची राहते डोंबिवलीला. पाऊस धरला की आठवडा-आठवडा आमच्याकडे मुक्कामाला असते. घरपोच औषधं पोचवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरी करते. कुणी काय मागवलं, कुठल्या गोदामात काय शिल्लक आहे, पैसे आले की नाही, हे सारं ज्या यंत्रांवर नोंदलं जातं त्या यंत्रांची राखण करणं हे तिचं काम. पहाटे साडेचारला लाइन जुळली. मी चहा टाकला. कप हातात घेत ती म्हणाली, "मामा, तू बँकेत असताना लाइन गेली की काय करायचास रे?"

प्रश्न साधा होता. पण तिचं काम आणि माझी पस्तीस वर्षांची नोकरी एकाच प्रश्नाभोवती फिरत होती, हे मला त्या पहाटे कळलं.

खतावणी एक, कारकून तीन

डेटाबेस हा शब्द ऐकून घाबरण्याचं कारण नाही. डेटाबेस म्हणजे शेवटी खतावणी. फणसवाडीतून काळबादेवीकडे चालू लागलं की पूर्वी पेढ्यापेढ्यांतून लाल बासनातल्या वह्या दिसत. व्यवहार झाला की तो आधी रोजकिर्दीत, झाला त्या क्रमानं लिहायचा. मग सवडीनं ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा. खतावणी भिजली, फाटली, तरी रोजकिर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. आजचे उत्तम डेटाबेस नेमकं हेच करतात. नोंद आधी रोजकिर्दीत, मग खतावणीत. मध्येच वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचून काढायची आणि खतावणी दुरुस्त करायची. आपल्या मुनीमजींना ठाऊक असलेली गोष्ट संगणकवाल्यांनी मोडीत काढलेली नाही.

अडचण येते ती वही एका माणसाला पेलेनाशी झाली म्हणजे. मग ती वाटावी लागते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या एका शाखेत आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून लेजरं वाटली होती. हिशेबानं प्रत्येक कारकुनाकडे सारखी अक्षरं. प्रत्यक्षात 'क'च्या खिडकीवर कुलकर्णी, कदम, कांबळे, काळे, केळकर आणि कोळी यांची रांग दारापर्यंत, आणि शेजारच्या खिडकीतला गृहस्थ पेन्सिलला टोक काढत बसलेला. भाचीला हे सांगितलं तर ती खो खो हसली. तिच्याकडेही हेच होतं म्हणे. यंत्रं शंभर असोत; वाटणी चुकली तर एकावरच गर्दी उसळते आणि बाकीची नव्व्याण्णव माश्या मारतात. वाटणी कशावरून करायची, हा पहिला आणि सर्वांत महागडा निर्णय. तो नंतर बदलायचा म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं.

वाटून झालं की दुसरी भीती. एक वही जळाली तर? म्हणून प्रती ठेवायच्या. भाचीच्या कंपनीत औषधांच्या साठ्याचे हिशेब कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसवर आहेत. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो घडवला आणि २००८ मध्ये तो सर्वांना खुला झाला. अशा डेटाबेसात प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती तीन यंत्रांवर असतात. वाचताना किंवा लिहिताना तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की काम पुढं जातं. एक कारकून रजेवर गेला तरी बँक बंद पडत नाही. तिघांनीही होकार दिला पाहिजे असं म्हटलंत तर एकाच्या रजेनं सगळं अडतं. एकाचाच होकार पुरे असं म्हटलंत तर काम झपाट्यानं होतं, पण त्याची वही शिळी असण्याचा धोका राहतो. किती जणांना विचारायचं, हे ठरवणं मालकाच्या हाती असतं.

मग नोंद आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हा पेच येतो. माझे आजोबा सांगत, त्यांच्या तरुणपणी मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली, पण त्यानंतरही कित्येक दशकं या शहरानं तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागं असलेली आपली 'मुंबई टाइम' सोडली नाही. भेटायचं ठरलं की "कुठल्या घड्याळानं?" असं विचारावं लागे. यंत्रांचंही तसंच. प्रत्येकाचं घड्याळ किंचित पुढं-मागं असतं आणि "शेवटची नोंद खरी" असा नियम केला, तर पुढं धावणाऱ्या घड्याळाची जुनी नोंद मागच्या घड्याळाच्या ताज्या नोंदीला पुसून टाकते.

तार तुटते तेव्हा

इथवरच्या अडचणी पैसा आणि अक्कल खर्च करून कमी करता येतात. पुढची अडचण मात्र कशानंही टळत नाही.

२६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला फक्त ७३. शहर एकच. आम्ही गिरगावकर खिडकीत बसून "आज जरा जास्तच लागलाय" म्हणत होतो आणि कुर्ल्यात, कालिन्यात माणसं गळ्याइतक्या पाण्यात होती. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, पण इकडची तिकडे पोचत नव्हती. फोन मुके, गाड्या ठप्प.

एकाच हिशेबाच्या दोन प्रती दोन ठिकाणी आहेत आणि मधली तार तुटली, तर पुढ्यात आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मार्ग दोनच. एक, "पलीकडची वही बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, नंतर या." यात चूक होत नाही, पण काम थांबतं. दुसरा, आपल्यापुढच्या वहीवर विसंबून व्यवहार करायचा. यात काम चालतं, पण पलीकडे त्याच वेळी वेगळं काही घडलेलं असू शकतं. दोन्ही एकदम साधणार नाही. एरिक ब्रूअर या अमेरिकन शास्त्रज्ञानं २००० साली हे भाषणात मांडलं आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी गणितानं सिद्ध केलं. कितीही पैसे ओता, कितीही हुशार माणसं ठेवा, तुटलेल्या तारेच्या दोन टोकांना अचूकपणा आणि सेवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत.

आम्हा बँकवाल्यांना हे कुणी सिद्ध करून दाखवण्याची गरज नव्हती. पूर्वी एका शाखेनं दुसऱ्या शाखेवर ड्राफ्ट काढला की त्याची सूचना टपालानं जाई. पुष्कळदा ड्राफ्ट घेऊन गिऱ्हाईक आधी हजर होई आणि टपाल मागून येई. सही ओळखीची, ड्राफ्ट निर्दोष दिसतो, पण सूचना नाही. मग अधिकाऱ्यानं जबाबदारी घ्यायची, पैसे द्यायचे आणि 'एक्स-अ‍ॅडव्हाइस' म्हणून वेगळ्या खात्यात रक्कम टाकून ठेवायची. सूचना आली की मेळ घालायचा. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या 'डायनॅमो' या रचनेविषयी जो गाजलेला निबंध प्रसिद्ध केला, त्यात खरेदीच्या टोपलीबाबत हेच धोरण आहे. गिऱ्हाइकानं टोपलीत वस्तू टाकली तर कधीही "नंतर या" म्हणायचं नाही, मेळ मागाहून घालायचा. त्याची किंमत म्हणून कधीकधी टोपलीतून काढलेली वस्तू पुन्हा उगवते. साबणाची वडी उगवली तर बिघडत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र मेळ लांबला की त्या फटीत चोर शिरतो. १९९२ चा हर्षद मेहता घोटाळा याच शहरातला. सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत बँका एकमेकींना पावत्या देत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातल्या नोंदी हातानं होत आणि बँकांच्या वह्यांशी त्यांचा मेळ वेळेवर लागत नसे. जानकीरामन समितीनं पुढं घोटाळ्याचा आकडा ४,००० कोटींच्या घरात काढला. "मागाहून मेळ घालू" हे वाक्य ऐकलं की आमच्या पिढीच्या बँक अधिकाऱ्याच्या पोटात अजूनही गोळा येतो.

दोन खातेदार

भाचीनं विचारलं होतं, तू काय करायचास? मी तिला २००५ च्या जुलैमधला शुक्रवार सांगितला.

मी तेव्हा परळकडच्या एका शाखेत मॅनेजर होतो. आमच्या बँकेत त्या वेळी प्रत्येक शाखेचा हिशेब तिच्याच संगणकावर असे आणि शाखा एकमेकींशी तारेनं जोडलेल्या असत. उपनगरातली एक शाखा पाण्यात गेली होती. तिचा संगणक बंद, तार मेलेली. त्या शाखेचे दोन खातेदार तासाभराच्या अंतरानं माझ्यापुढं आले.

पहिला चाळिशीचा गृहस्थ. हातात भिजून फुगलेलं पासबुक, त्यात तीन आठवड्यांपूर्वीची शिल्लक अकरा हजारांच्या वर. घर वाहून गेलेलं, मुलांच्या अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेला. दुसऱ्या शाखेची शिल्लक पडताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असा नियम होता. मी स्वतःच्या जबाबदारीवर पाच हजार दिले आणि रक्कम सस्पेन्समध्ये टाकली.

दुसऱ्या बाई साठीच्या पुढच्या. यजमान जवळच्याच एका रुग्णालयात. पासबुक पुरात गेलेलं, ओळखीचा कागद नाही, खाते क्रमांक मात्र तोंडपाठ. तो त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढं सरकवला आणि दहा हजार मागितले. एक उलाढाल नुकतीच अंगावर घेतलेली, त्यात यांच्याकडं पुरावा शून्य. मी म्हणालो, "बाई, लाइन सुरू झाली की या. लगेच देतो." त्या "बरं" म्हणाल्या. वाद नाही, रडणं नाही. पदर सावरून गेल्या.

पुढच्या मंगळवारी तार जुळली. पहिल्या गृहस्थाच्या खात्यात ६१२ रुपये होते. पुराच्या आदल्याच दिवशी त्यानं बाकीचे काढले होते. खोटं बोलला असेल, किंवा त्या गोंधळात विसरलाही असेल. तीन महिन्यांत त्यानं माझे पाच हजार फेडले, पण ऑडिटमध्ये शेरा आला, मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि ते कागद माझ्या फायलीत निवृत्तीपर्यंत राहिले.

त्या बाईंची चिठ्ठी खणातच होती. सहज क्रमांक घालून पाहिला. शिल्लक ४८,००० रुपये. त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या यजमानांचं पुढं काय झालं, दहा हजार कुणाकडून उसने मिळाले की नाही, मला आजतागायत माहीत नाही. त्याबद्दल मला कुणी खुलासा मागितला नाही. कारण माझ्या नकाराची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

चुकीच्या होकाराची नोंद राहते. ती सापडते, वसूल होते, तिच्यावर शेरा येतो. चुकीच्या नकाराचा मागमूस राहत नाही. म्हणून नोकरीतला माणूस हळूहळू नकाराकडे झुकतो आणि त्याला शिस्त म्हणतो. मीही म्हणत होतो.

भाची बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडेही तसंच आहे. चुकीची ऑर्डर गेली तर दुसऱ्या दिवशी मीटिंग. 'थोड्या वेळानं प्रयत्न करा' वाचून किती जण निघून गेले, ते कुणी मोजत नाही."

त्रेचाळीस सेकंद

म्हणजे नेहमी होकारच द्यावा का? तर तसंही नाही. ज्यांच्याकडे पैशाला आणि माणसांना तोटा नाही, त्यांचीच एक गोष्ट पाहा. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम गिटहब नावाच्या ठिकाणी ठेवतात. तिचे हिशेब मायएसक्यूएल या मोफत डेटाबेसवर असतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दुरुस्तीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची तार तुटली. किती वेळ? ४३ सेकंद. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या यंत्रणेनं पूर्वेकडचा मुख्य हिशेबनीस मेला असं समजून पश्चिम किनाऱ्यावरच्याला गादीवर बसवलं. तार जुळली तेव्हा पूर्वेच्या वहीत पश्चिमेला न पोचलेल्या काही नोंदी होत्या आणि पश्चिमेच्या वहीत नव्या नोंदी चढू लागल्या होत्या. एका गजबजलेल्या गटात अशा राहून गेलेल्या नोंदी होत्या ९५४. कंपनीनं ठरवलं, सेवा रखडली तरी चालेल, लोकांची नोंद गमवायची नाही. सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

मला यातली शिकवण अशी वाटते की, तार तुटल्यावर काय करायचं हे तार तुटण्याआधी, दिवसाउजेडी, शांत डोक्यानं ठरवून ठेवायचं असतं. रात्री अडीचला माणूस घाबरलेला असतो आणि यंत्राला तारतम्य नसतं.

फुकटच्या मूर्तीची वर्गणी

भाचीच्या कंपनीतले हे सगळे डेटाबेस ओपन सोर्स, म्हणजे त्यांची घडण उघडी. कुणीही वाचावी, बदलावी, पैसे न देता वापरावी. ऐकून मी म्हणालो, "मग तुमच्या कंपनीची चैनच आहे." ती म्हणाली, "लायसन्सचे पैसे वाचतात रे मामा, पण मग रात्री फोन कुणाला येतो?"

आमच्या गिरगावात हे लवकर कळावं. इथं केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती आहे. दर्शनाला तिकीट नाही. पण मांडव कुणीतरी घालतं, वर्गणी कुणीतरी फिरून जमवतं, आणि रात्रभर कुणीतरी जागतं. उत्सव फुकट असतो तो पाहणाऱ्याला. विकतचा डेटाबेस घेतला की बिल येतं, पण बिघाड झाला तर हक्कानं ओरडायला कुणीतरी असतं. उघडा घेतला तर बिल नाही, आणि ओरडायलाही कुणी नाही. त्या जागी आपली शहाणी माणसं पोसावी लागतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेनं आपले सारे निरोप कॅसँड्रावर ठेवले होते. यंत्रं वाढत वाढत १७७ झाली आणि सांभाळणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. २०२२ मध्ये त्यांनी तो संसार हलवून सिला नावाच्या दुसऱ्या डेटाबेसवर मांडला. तिथं ७२ यंत्रांत काम भागलं. याच कॅसँड्रावर अ‍ॅपल २०१४ मध्ये ७५,००० हून अधिक यंत्रं चालवत होती. हत्यार तेच, बाळगण्याची ताकद ज्याची त्याची.

उघडेपणाचीही शाश्वती नसते. मायएसक्यूएल घडवणाऱ्या फिनलंडच्या मॉन्टी विडेनियसनं थोरल्या लेकीच्या 'मी' या नावावरून त्याचं नाव ठेवलं. २०१० मध्ये तो ओरॅकल या बलाढ्य कंपनीच्या ताब्यात गेला. विडेनियसनं ते होणार हे ओळखून आधीच तीच घडण घेऊन वेगळा संसार थाटला होता आणि त्याला धाकट्या लेकीचं, मारियाचं नाव दिलं: मारियाडीबी. मॉंगोडीबीनं २०१८ मध्ये आणि रेडिसनं २०२४ मध्ये आपल्या अटी कडक केल्या. रेडिसच्या बाबतीत लागलीच नाराज मंडळींनी 'वाल्की' नावाचं नवं मंडळ काढलं. पुढच्याच वर्षी रेडिसनं पुन्हा खुली परवानगी देऊ केली. वाडीतलं मंडळ फुटावं आणि पलीकडच्या गल्लीत दुसरी मूर्ती बसावी, तसाच प्रकार. पण हे फुटणं शक्य असतं, हीच उघड्या घडणीची खरी कमाई आहे. विकतची पोथी मालकानं कपाटात बंद केली तर आपण काही करू शकत नाही.

आपल्या खिशापर्यंत

हे सगळं कंपन्यांचं झालं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. आपल्या प्रत्येकाच्या खिशात या प्रश्नाचं एक टोक आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये ही संख्या १०० कोटींवर गेली. नव्या माणसाची नोंद करताना तो आधीच दुसऱ्या नावानं नोंदलेला नाही ना, हे जमलेल्या साऱ्या नोंदींशी ताडून पाहावं लागतं. एवढं ओझं पेलण्यासाठी आधारची बांधणी मुख्यत्वे अशाच उघड्या डेटाबेसांवर झाली. प्राधिकरणाच्या २०१४ च्या तांत्रिक दस्तऐवजात मायएसक्यूएल, हडूप, एचबेस, मॉंगोडीबी ही नावं आहेत. एका परदेशी विक्रेत्याच्या दावणीला देशाची ओळखवही बांधायची नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो.

पण रेशनच्या दुकानात तार तुटली, किंवा कष्टानं झिजलेल्या बोटाचा ठसा जुळला नाही, तर? तिथं नकार म्हणजे त्या दिवशीची चूल. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आधारवरचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की, ओळख पटवण्यात यंत्र अपयशी ठरलं म्हणून कुणाचा हक्काचा लाभ नाकारला जाऊ नये, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवावी. ब्रूअरच्या सिद्धान्ताचं नावही न घेता न्यायमूर्तींनी धान्याच्या बाबतीत कुठली बाजू घ्यायची ते सांगून टाकलं.

पैशांच्या बाबतीत बाजू वेगळी आहे. भाजीवाल्याला फोनवरून पैसे पाठवले, आपले कापले गेले, त्याच्याकडे वाजलेच नाहीत, हा अनुभव घरोघरी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या व्यवहारांत बँकांच्या वह्यांचा मेळ कुठं ना कुठं क्षणभर चुकणारच. अशा वेळी घाईनं पुन्हा पैसे पाठवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, माणसामाणसांतला असा अडकलेला व्यवहार फार तर दुसऱ्या दिवशी आणि दुकानदाराकडचा पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे. नाही तर बँकेनं दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. मला या नियमाचं मोल वाटतं, कारण त्यात रखडलेल्या कामालाही किंमत लावली आहे.

नकारांची वही

त्या पहाटेनंतरच्या रविवारी भाचीनं जेवणं झाल्यावर वहीचं पान फाडलं आणि त्यावर दोन रकाने आखले. डाव्या बाजूला, तार तुटली तरी चालू ठेवायच्या गोष्टी: औषधांची मागणी घेणं, पत्ता बदलणं, चौकशी. साठ्याचा आकडा शिळा निघाला आणि शेवटचं पाकीट दोघांना कबूल झालं, तर फोन करून माफी मागायची आणि जवळच्या दुकानातून सोय करायची. उजव्या बाजूला, तार जुळेपर्यंत थांबवायच्या गोष्टी: पैसे परत करणं, आणि एका चिठ्ठीवर एकदाच द्यायची औषधं. तिथं चुकीचा होकार जिवावर बेतू शकतो. पैशांचे हिशेब तर तिनं तीन प्रतींच्या खटाटोपातून काढून पोस्टग्रेस या जुन्या, भरवशाच्या डेटाबेसवर, एका मुख्य यंत्रावर ठेवावेत असं सुचवलं. त्याची नक्कल दुसरीकडं असेल, पण लिहायचं एकाच जागी. मला ते विशेष आवडलं. शाखेचं काम एका लेजरात मावत असेल तर उगाच दहा लेजरं करू नयेत. दहा झाली की मेळ घालणारा अकरावा माणूस लागतो.

तिच्या वरिष्ठांनी यातलं बरंचसं मान्य केलं, काही बदललं. एक कलम मात्र तिनं हट्टानं घालून घेतलं. "नंतर प्रयत्न करा" असं उत्तर ज्याला-ज्याला गेलं, त्याची नोंद ठेवायची, आणि लाइन जुळली की आधी त्या माणसांना कळवायचं. पैसे पाठवायला उशीर झाला तर झाला, पण ही यादी दर सोमवारी टेबलावर आली पाहिजे.

महिन्याभरानं पुन्हा एकदा रात्री तिचा फोन वाजला. या खेपेला पाच-सात मिनिटांत बोलणं आटोपलं. सकाळी मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "लाइन तुटली होती. ठरल्याप्रमाणे झालं. एकोणीस जणांना नाही म्हणावं लागलं, सकाळी सगळ्यांना फोन गेले."

एकोणीस. मी तो आकडा दिवसभर मनात घोळवत राहिलो. माझ्या पस्तीस वर्षांत असे किती झाले असतील, ते सांगायला माझ्याकडे वही नाही. आहे ती एक चिठ्ठी. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना बाकीचं सगळं टाकलं, ती मात्र घरी आणली. त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरातला खाते क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतो.